पैसे गेले, मग पोचले का नाहीत? मॅनेजमेंटच्या विद्यार्थ्यांसाठी आयटीची बाराखडी

१२ एप्रिल २०२५, शनिवार, हनुमान जयंती. देवळाबाहेरच्या हारवाल्याला ऐंशी रुपये द्यायला एक जण क्यूआर कोड स्कॅन करतो. फोनवर चक्र फिरत राहतं. थोड्या वेळाने बँकेचा मेसेज येतो, पैसे वजा झाले. हारवाल्याचा स्पीकर मात्र गप्प. "अहो, गेले की माझे!" "माझ्याकडं कुठं आले?" दोघंही खरंच बोलत असतात. असे संवाद त्या दिवशी देशभर झाले असणार, कारण यूपीआय अडखळलं होतं. तेही तीन आठवड्यांच्या आत निदान तिसऱ्यांदा.

सोमवारी आंबेडकर जयंतीची सुट्टी होती. मंगळवारी बीबीएच्या वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, सर्व्हर डाउन म्हणजे नेमकं काय डाउन असतं?"

प्रश्न भाबडा वाटेल, पण याहून चांगला प्रश्न मला त्या वर्षी कुणी विचारला नाही. तिच्या हातातल्या नोट्सचं पहिलं प्रकरण होतं कॉम्प्युटरच्या पिढ्या: व्हॅक्यूम ट्यूब, ट्रान्झिस्टर, मग इनपुट आणि आउटपुट उपकरणांची यादी. पाच मार्कांना हमखास येतं. त्यातलं काहीही हारवाल्याचे ऐंशी रुपये शोधायला उपयोगी नव्हतं.

उद्या दुकान, गोदाम, शाखा किंवा कंपनी चालवणाऱ्या माणसाने आयटी शिकायची म्हणजे एकाच गोष्टीचा माग काढायला शिकायचं: नोंद. धंद्यात काही घडलं की त्याची नोंद कुठे होते, कोण करतं, ती पक्की कधी होते आणि ती खरी आहे का हे कोण ताडून बघतं? चारच प्रश्न. बाकीचं आयटी बहुतेक या चारांच्या आजूबाजूला उभं आहे.

## सातबारा कळतो ना? मग डेटाबेसही कळेल

डेटाबेस म्हणजे नीट आखलेल्या, एकमेकींशी जोडलेल्या नोंदवह्या. ही कल्पना आपल्याकडे तलाठ्याच्या दप्तरात कधीची आहे. गावाच्या महसुली कारभाराचे १ ते २१ नमुने असतात. नमुना ७ मध्ये जमीन कुणाची ते, १२ मध्ये पीक कोणतं ते. हे दोन एकत्र छापले की सातबारा. नमुना ८अ मध्ये एका खातेदाराच्या त्या गावातल्या सगळ्या जमिनी. आणि नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही: मालकी कधी आणि कशामुळे बदलली याचा इतिहास.

आता सगळं एकाच भल्यामोठ्या वहीत का लिहीत नाहीत? कारण मालक पंचवीस वर्षं तोच राहील, पण पीक दर हंगामाला बदलेल. प्रत्येक पिकाच्या ओळीत मालकाचं नाव पुन्हा पुन्हा लिहिलं, तर मालक बदलल्यावर पन्नास ठिकाणी खोडावं लागेल आणि एकोणपन्नास ठिकाणी खोडलं जाईल. उरलेल्या एका ओळीवरून पुढे कोर्टकचेरी. म्हणून एक गोष्ट एकाच जागी लिहायची आणि बाकीच्या ठिकाणी फक्त तिचा नंबर द्यायचा. आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० साली हाच विचार गणिताच्या शिस्तीत मांडला आणि आज बँकेपासून रेल्वे आरक्षणापर्यंत बहुतेक ठिकाणी त्याच रचनेवर कारभार चालतो.

वह्या एकमेकींशी जोडणाऱ्या नंबराला की म्हणतात, म्हणजे किल्ली. गट नंबर ही किल्लीच. पण गट नंबर १४२ हजारो गावांत असेल, म्हणून नुसता गट नंबर पुरत नाही. जिल्हा, तालुका, गाव आणि गट मिळून किल्ली पूर्ण होते. सातबाऱ्यावर मालकाच्या नावाशेजारी एक आकडा असतो, तो फेरफाराचा नंबर. म्हणजे "हे नाव इथे कसं आलं ते नमुना ६ मध्ये बघा" असा इशारा. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये यालाच लॉग म्हणतात: कुणी, कधी, काय बदललं याची न पुसता येणारी नोंद.

आणखी एक. तलाठी फेरफार लिहितो, पण तो स्वतःच मंजूर करू शकत नाही. नोटीस निघते, हरकतीला मुदत असते, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. बँका याला मेकर-चेकर म्हणतात: लिहिणारा एक, तपासणारा दुसरा. कोणतंही सॉफ्टवेअर घेताना हे दोन हात वेगळे आहेत की नाहीत, हा प्रश्न मॅनेजरने विचारायचा असतो. सॉफ्टवेअर विकणारा तो काढणार नाही.

## पण एक्सेल आहे की!

हा आक्षेप दर वर्षी येतो आणि तो अगदीच चुकीचा नाही. मीही घरखर्च एक्सेलमध्येच लिहितो. हिशेब करून बघायला, "भाव पाच टक्क्यांनी वाढला तर काय होईल" असं चाचपायला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. घोळ होतो तो एक्सेललाच धंद्याची मूळ वही बनवलं की.

ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत नेमकं हेच झालं. प्रयोगशाळांकडून येणारे कोविडचे निकाल एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ओतले जात होते. त्या जुन्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळींपुढे जागाच नसते. हा विचित्र आकडा म्हणजे २ चा १६ वा घात. ओळीचा क्रमांक साठवायला तेवढीच जागा ठेवली होती. फाइल भरली आणि पुढचे निकाल गळून पडले. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवड्यातले १५,८४१ बाधित रोजच्या आकडेवारीतून सुटले आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायला उशीर झाला. नव्या प्रकारच्या फाइलमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. म्हणजे मर्यादा लांब गेली, संपली नाही.

ओळींच्या मर्यादेपेक्षा रोज छळणारी अडचण वेगळी असते. सकाळी अकाउंट्सवाल्यांनी फाइल मेलने पाठवली, दुपारी सेल्सवाल्यांनी आपल्या प्रतीत दोन ग्राहक वाढवले, संध्याकाळी गोदामाने तिसऱ्याच प्रतीत साठा बदलला. रात्री मालकाच्या टेबलावर "फायनल", "फायनल २" आणि "फायनल खरी" अशा तीन फाइली. यातली नोंद कुठली? पहिलाच प्रश्न, "कुठे", अनुत्तरित.

## सगळं किंवा काहीच नाही

आता हारवाल्याकडे परत.

ट्रान्झॅक्शन हा शब्द आपण "व्यवहार" म्हणून सरसकट वापरतो. कॉम्प्युटरच्या जगात त्याचा अर्थ काटेकोर आहे: अनेक बदलांचा असा गठ्ठा, जो पूर्ण होईल किंवा अजिबात होणार नाही. एकाच बँकेत माझ्या खात्यातून पाचशे वजा आणि तुमच्या खात्यात पाचशे जमा हे एका गठ्ठ्यात बांधता येतं. मध्येच वीज गेली, तर मशीन सुरू झाल्यावर अर्धवट काम उलटवून पहिल्या जागी येतं.

यूपीआयमध्ये मात्र दोन वेगवेगळ्या बँका, म्हणजे दोन वेगळ्या वह्या. दोन्ही वह्यांत एकाच क्षणी लिहू शकेल असा हात कुणाचाच नाही. म्हणून मध्ये एनपीसीआय ही संस्था निरोप्याचं काम करते. तुम्ही पिन टाकता. एनपीसीआय तुमच्या बँकेला सांगते, "वजा करा." बँक म्हणते, "केले." मग दुकानदाराच्या बँकेला, "जमा करा." तिचं "केले" आलं की तुमच्या फोनवर हिरवी खूण. हा सगळा प्रवास साधारण काही सेकंदांचा.

शेवटचं "केले" आलंच नाही तर? दोन शक्यता. पैसे जमाच झाले नसतील, किंवा जमा झाले पण उत्तर वाटेत हरवलं असेल. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून ॲप "अयशस्वी" म्हणत नाही, "प्रलंबित" म्हणतं. त्या शब्दात लपवाछपवी नाही, तिथे खरोखरच कुणाला माहीत नसतं.

अशा वेळी बँकेची यंत्रणा एनपीसीआयला पुन्हा विचारते, "त्या व्यवहाराचं काय झालं?" १२ एप्रिलला गाडं अडलं ते इथेच. काही बँकांकडून अशा विचारणांचा पूर आला, त्यात जुन्या व्यवहारांच्याही चौकशा पुन्हा पुन्हा होत होत्या. निकालाच्या दिवशी कॉलेजच्या खिडकीवर काय होतं ते आठवा. तीनशे मुलं दर दोन मिनिटांनी "लागला का, लागला का" विचारतात आणि क्लार्कला यादी लावायला उठताच येत नाही. यादी तयार आहे, क्लार्क जागेवर आहे, तरी काम ठप्प. वर्गातल्या त्या मुलीला मी हेच उत्तर दिलं: "डाउन" म्हणजे दर वेळी मशीन बंद पडलेलं नसतं, पुष्कळदा ते उत्तरं देण्यात बुडालेलं असतं. पुढे ऑगस्ट २०२५ पासून एनपीसीआयने अशा विचारणांवर लगाम घातले. एका ॲपवरून दिवसाला ५० वेळाच शिल्लक बघता येते, ते त्याच लगामांपैकी एक. (पन्नास वेळा शिल्लक बघणारा माणूस कोण असेल, याचं मला कुतूहल आहे.) त्याच ऑगस्टमध्ये एका महिन्यातल्या यूपीआय व्यवहारांच्या संख्येने पहिल्यांदा २,००० कोटींचा आकडा ओलांडला.

मॅनेजरला यातून काय घ्यायचं? ग्राहकाने "पैसे गेले" असं सांगितलं तर तो खोटारडा ठरत नाही, आणि आपल्याकडे आले नाहीत म्हणून आपणही नाही. नोंद पक्की कधी झाली, हा तिसरा प्रश्न. काउंटरवरच्या मुलाला ग्राहकाच्या फोनवरची खूण बघून माल द्यायला शिकवायचं की आपल्या खात्यातली जमा बघून, हा निर्णय इथून येतो. खोटे स्क्रीनशॉट दाखवणारे याच फटीतून माल नेतात. आणि नियमही माहीत हवा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे वजा होऊन न पोचलेले पैसे व्यक्तीला पाठवले असतील तर दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानदाराला दिले असतील तर पाच दिवसांत परत यायला हवेत. त्यापुढे दर दिवशी १०० रुपये भरपाई.

## दोन वह्या, पण ताळा नाही

२०१८ साली भारतीय बँकिंगमध्ये दोन प्रकरणं गाजली. दोन्ही दर वर्षी वर्गात घेतो, कारण एकीकडून बघितलं की दुसरं कळतं.

पहिलं पंजाब नॅशनल बँकेचं, मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेतलं. फेब्रुवारीत बाहेर आलं तेव्हा रक्कम सुमारे ११,४०० कोटी होती, नंतर १३ हजार कोटींच्या वर गेली. परदेशातल्या बँकांना "या ग्राहकाची हमी आमची" असं सांगणारी पत्रं स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेवरून गेली. बँकेची मूळ वही म्हणजे कोअर बँकिंग प्रणाली, तिला सीबीएस म्हणतात. स्विफ्ट आणि सीबीएस या दोन प्रणाली एकमेकींशी जोडलेल्या नव्हत्या. एकीत संदेश पाठवला की दुसरीत तो माणसाने हाताने टाकायचा. तो टाकलाच नाही. जगाला बँकेची हमी दिसत होती आणि बँकेच्या स्वतःच्या वहीत तिचा पत्ता नव्हता. हे वर्षानुवर्षं चाललं.

दुसरं पुण्यातलं. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस बँकेच्या बनावट कार्डांवर काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातूनही काही निघाले, आणि सोमवारी स्विफ्टवरून १३.९२ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटींच्या घरात. एटीएम पैसे देण्याआधी बँकेला विचारतं. मधली चौकी म्हणजे स्विच. स्विचने सीबीएसला विचारायचं, "या खात्यात आहेत का?" आणि उत्तर एटीएमला कळवायचं. चोरांनी व्हायरसच्या मदतीने खऱ्या चौकीशेजारी खोटी चौकी उभी केली. विचारणा सीबीएसपर्यंत पोचेचना. खोटी चौकीच परस्पर "हो, द्या" म्हणत होती. ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागला नाही, कारण त्यांच्या वहीत कुणी काही लिहिलंच नव्हतं.

पहिल्या प्रकरणात आतली माणसं, दुसऱ्यात बाहेरची. पहिल्यात व्हायरस नाही, दुसऱ्यात आहे. तरी फट एकच: एका जागी काही घडतंय आणि दुसऱ्या जागी त्याची नोंद नाही, आणि दोन्हींचा ताळा त्या घडीला कुणी बघत नाही. या ताळा बघण्याला रिकन्सिलिएशन म्हणतात. आपल्याकडे कीर्द आणि खतावणी जुळवणारे मुनीम रात्री जागून तेच करत.

दोन प्रणाली आपसात थेट बोलाव्यात म्हणून एपीआय असतं, म्हणजे ठरलेल्या साच्यात प्रश्न विचारायची आणि ठरलेल्या साच्यात उत्तर मिळायची खिडकी. आणि सगळ्या विभागांनी एकाच वहीत लिहावं म्हणून ईआरपी असतं. या दोन शब्दांवर वर्गात तासच्या तास जातात. वरची दोन प्रकरणं नीट समजली, तर त्यांची गरज पाच मिनिटांत पटते.

## हे सगळं आयटी विभाग बघेल ना?

बघेल. पण १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली, तेव्हा भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास आयटी विभागाने दिले नव्हते. काउंटरवरच्या माणसांनी दिले. कागदावर काम कसं करायचं, कोणती माहिती लिहायची, नंतर ती प्रणालीत कोण भरणार, हे आधी ठरवून ठेवणं मॅनेजरचं काम. कंपनीने चुकीची फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली होती. तोवर बंद पडलेली मशीन मात्र बहुतांश ठिकाणी एकेक करून हाताने उठवावी लागली.

ग्राहकाचा मोबाइल नंबर बिलाच्या वेळी घ्यायचा की नाही, हाही आता नुसता मार्केटिंगचा प्रश्न उरलेला नाही. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, ते टप्प्याटप्प्याने लागू होताहेत आणि दंडाची कमाल मर्यादा २५० कोटींपर्यंत आहे. नंबर कशासाठी घेतला आणि काम संपल्यावर पुसला का, याचं उत्तर मालकाला द्यावं लागेल.

## आता तर एआय आहे, मग कशाला शिकायचं?

मुलं हे विचारतात तेव्हा मी त्यांनाच एक काम देतो. एआयला विचारा, "गेल्या महिन्यात विक्री किती झाली?" डेटाबेस जोडून दिलेला असेल तर तो चुटकीसरशी आकडा देईल, क्वेरीही लिहून देईल. क्वेरी म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न. आता मला सांगा, विक्री कोणत्या तारखेची धरली? ऑर्डर आली ती, बिल फाडलं ती, की पैसे जमा झाले ती? परत आलेला माल वजा केला का? जीएसटी धरून की सोडून? मार्च संपताना यातल्या प्रत्येक उत्तरागणिक आकडा बदलतो. एआय यातलं एक गृहीत धरतो आणि ठाम आवाजात सांगतो. कुठलं धरलं ते त्याला विचारायचं सुचणं, यालाच मी या विषयाचं शिक्षण म्हणतो. कोड लिहिता येतो का, हा त्यामानाने लहान प्रश्न. आला तर उत्तम. क्वेरीपुरतं शिकायला एक सेमिस्टर पुष्कळ झालं.

## पावती वाचायला शिका

वर्षाच्या सुरुवातीला मी मुलांना एक पावती आणायला सांगतो, कुठल्याही दुकानाची, जीएसटी नंबर असलेली. पंधरा अक्षरं आणि आकडे. पहिले दोन म्हणजे राज्य: २७ महाराष्ट्र, ३० गोवा. पुढचे दहा म्हणजे दुकानाचा पॅन. त्या पॅनमधलं चौथं अक्षर बघायचं: पी असेल तर एकट्या माणसाचा धंदा, एफ म्हणजे भागीदारी, सी म्हणजे कंपनी. तेरावं अक्षर त्याच पॅनवर त्या राज्यातली कितवी नोंदणी ते सांगतं, चौदाव्या जागी बहुधा झेड असतो. आणि पंधरावं अक्षर आधीच्या चौदांवर गणित करून काढलेलं. टाइप करताना एखादा आकडा चुकला की ते गणित जुळत नाही आणि प्रणाली तिथेच अडवते. किल्ली, जोड आणि पडताळणी, तिन्ही एका ओळीत.

गेल्या वर्षी एक मुलगा पावतीबरोबर वडिलांच्या किराणा दुकानातल्या सॉफ्टवेअरचा फोटो घेऊन आला. एका साबणाचा साठा दाखवत होता उणे १४. वर्ग हसला. हवेतून चौदा साबण विकले होते! चार प्रश्न फळ्यावर लिहिले आणि त्याला घरी पाठवलं. दोन दिवसांनी उत्तर घेऊन आला. माल सकाळी उतरतो आणि लगेच विकायला लागतो, पण खरेदीचं बिल चुलतभाऊ रात्री दुकान बंद झाल्यावर चढवतो. कधी दोन रात्रींनी. तोवर सॉफ्टवेअरच्या लेखी दुकानात साबणच नसतो.

"मग बाबांना काय सांगितलंस?"

"सांगितलं, माल उतरतानाच चढवा म्हणून. ते म्हणाले, तेव्हा काउंटरवर तू बसतोस का?"

सध्या तो सकाळी आठ ते नऊ बसतो.